आजाराचं नाव: रकाना रिकामा

माझ्या हातापायांना काय होतं ते मला आता मराठीत, हिंदीत आणि नुसत्या हातवाऱ्यांनीही सांगता येतं. मराठी अकोल्यातल्या डॉक्टरांसाठी, हिंदी नागपुरातल्या न्यूरॉलॉजिस्टसाठी आणि हातवारे सासूबाईंसाठी, कारण त्यांना ऐकू कमी येतं. तिन्ही शिकायला वेळ भरपूर मिळाला. आजाराचं नाव मात्र अजून मिळालेलं नाही.

मी एका पतसंस्थेत कॅश काउंटरवर बसते. संक्रांतीच्या आसपास डाव्या करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या यायला लागल्या. हात अंगाखाली दाबून झोपलं की येतात तशाच, पण झटकून, चोळून जाईनात. चार-पाच दिवसांत त्या मनगटाच्या वर चढल्या, मग डाव्या तळपायाला सुरू झाल्या. एक दिवस साडी नेसताना डाव्या बाजूला बरगड्यांखाली परकराची नाडी फार आवळल्यासारखी वाटली. नाडी सैल केली. आवळणं तसंच राहिलं.

बाहेरून दिसण्यासारखं यात काही नव्हतं. पोळ्या लाटत होते, स्कूटी चालवत होते, हाताला ताकद होती. अडत होतं ते नोटा मोजताना. डाव्या हातात गड्डी धरायची आणि बोटांनी एकेक नोट सोडायची, हे इतक्या वर्षांत विचार न करता होत आलेलं काम. आता दोन नोटा चिकटून सुटल्या तरी बोटांना पत्ता लागेना. गरम चहाचा कप धरला तर चटका नीट कळायचा. सुई टोचली तर दुखायचं. पण बोटांत नोट एक आहे की दोन, हे कळत नव्हतं. डॉक्टरांना हे सांगितलं की ते हसायचे. पुढे कळलं की सगळ्यात कामाची माहिती हीच होती.

आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी शुगर तपासली. नॉर्मल निघाली. मग "कमजोरी आहे" म्हणत लाल इंजेक्शनांचा कोर्स सुरू केला. आमच्याकडे बी-१२ ला लाल इंजेक्शनच म्हणतात, आणि ते कमजोरीपासून केसगळतीपर्यंत सगळ्यावर चालतं. रक्तातलं बी-१२ आधी तपासावं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. एवढ्याशा गोष्टीमुळे पुढचं सगळं लांबलं.

इंजेक्शनं चालू असतानाच करंट लागायला सुरुवात झाली. मान खाली घातली की मानेपासून कमरेपर्यंत आणि तिथून डाव्या पायात सरकन वीज उतरायची. दुखायचं नाही, पण दचकायला व्हायचं. काउंटरवर दिवसभर मान खालीच असते, त्यामुळे गिऱ्हाइकांना वाटायचं मी त्यांच्या पासबुकातली शिल्लक बघून दचकते. नवीन सुनेनं मान खाली घालून वावरावं हे मी लग्नात पुष्कळ ऐकलं होतं. मान ताठ ठेवायचा सल्ला मला आयुष्यात पहिल्यांदा हाडाच्या डॉक्टरांकडून मिळाला.

त्यांनी मानेचा एक्स-रे काढला आणि "मणक्यात गॅप आलाय" असं सांगून कॉलर दिली. कॉलर लावल्यावर करंट खरंच थांबला. आता मान वाकतच नसेल तर मान वाकवल्यावर लागणारा करंट लागणार कुठून! पण हे तेव्हा कुणालाच सुचलं नाही. उपचार लागू पडला म्हणजे निदान बरोबर, असं घरातल्या सगळ्यांनी ठरवलं. चाळिशीनंतर मानेचा एक्स-रे काढला तर कितीतरी लोकांच्या मणक्यात काही ना काही झिजलेलं दिसतं, हे मला नंतर समजलं.

मुंग्या तशाच होत्या, म्हणून एनसीव्ही करायला पाठवलं. हातापायांवर पट्ट्या चिकटवून विजेचे बारीक झटके देतात आणि नसेतून संदेश किती वेगानं धावतो ते मोजतात. हाताच्या नसेत तो साधारण सेकंदाला ५० मीटर किंवा त्याहून थोडा जास्त असतो. तिथल्या मुलीनं आधी माझे पाय हातानं चाचपून बघितले, कारण पाय गार असले तर वेग उगाच कमी येतो. रिपोर्ट स्वच्छ आला. "तुमच्या नसा एकदम चांगल्या आहेत, टेन्शन घेऊ नका."

हा सल्ला ज्यांना मिळाला आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. रिपोर्ट चांगला आल्याचा आनंद व्हायला हवा आणि होत नाही, आणि तो होत नाही म्हणून लोक तुमच्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागतात. एनसीव्ही हातापायांतल्या मोठ्या नसा तपासते. बिघाड मज्जारज्जूत असेल किंवा अगदी बारीक तंतूंत असेल, तर हाच रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. हे एक वाक्य त्या दिवशी कुणी बोललं असतं तर माझे पुढचे कितीतरी दिवस "मला वेड तर लागत नाहीये ना" या विचारात गेले नसते.

सासूबाईंना रिपोर्टची गरज नव्हती. "काहून वं, हात चोळून राह्यली सारखी? वात हाय तो. तिळाच्या तेलानं रगड." रगडलं. तेलानं बरं वाटायचं, तेल आहे तोवर.

नागपूरच्या न्यूरॉलॉजिस्टचं नाव एका खातेदारानं दिलं. सकाळच्या गाडीनं गेलो. नंबर लागेपर्यंत दुपार झाली. मी मनात सगळं जुळवून नेलं होतं: हात जणू कुणी लोकरीचा मोजा चढवलाय, पायाखाली जणू वाळू पसरलीय. डॉक्टरांनी दुसऱ्याच वाक्यावर थांबवलं. "ताई, कैसा लगता है वो बाद में. कहाँ तक है, उँगली से लाइन खींच के दिखाओ. कब शुरू हुआ, कितने दिन में बढ़ा, कब से रुका है?" मी छातीवर बोटानं रेघ ओढून दाखवली. त्यांनी ती कागदावरच्या माणसाच्या चित्रावर उतरवून घेतली.

मग तपासणी. कापूस फिरवला, टाचणी टोचली, हे सगळं कळलं. मग १२८ चा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे सेकंदाला १२८ वेळा थरथरणारा धातूचा काटा, ठोकून घोट्याच्या हाडावर टेकवला. उजवीकडे थरथर लागली. डावीकडे फक्त गार धातू लागला. डोळे मिटायला लावून पायाचा अंगठा वर केला की खाली ते विचारलं. मी आत्मविश्वासानं उत्तरं दिली, आणि ह्यांचा चेहरा उतरला, कारण ती निम्मी चुकत होती. पाय जुळवून डोळे मिटून उभी राहिले तर एका बाजूला कलायला लागले आणि मदतनीस मुलानं धरलं. गुडघ्यावर हातोडी, तळव्यावर किल्लीनं ओरखडा.

चटका आणि टोचणं एका वाटेनं मेंदूकडे जातं, थरथर आणि सांध्यांची जाणीव दुसऱ्या वाटेनं. ती दुसरी वाट मज्जारज्जूच्या मागच्या बाजूनं जाते, आणि बारीक स्पर्शातला फरक ओळखायला तीच लागते. म्हणून चहा कळतो आणि नोट कळत नाही. मान वाकवल्यावर लागणाऱ्या करंटलाही नाव होतं, लेर्मिट, एका फ्रेंच डॉक्टरच्या नावावरून. एवढं कळल्यावरच मला निम्मं बरं वाटलं. निदान माझ्या करंटला तरी नाव होतं.

एमआरआय मेंदूचा आणि मानेचा, कॉन्ट्रास्टसकट. त्या ठणठणाटाबद्दल लोकांनी पुष्कळ लिहिलंय, मी लिहीत नाही. मेंदू स्वच्छ. मानेत, तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या पातळीवर, मज्जारज्जूच्या मागच्या भागात किंचित डावीकडे एक पांढरट ठिपका. रिपोर्टच्या तळाशी, सगळ्याच रिपोर्टांच्या तळाशी असतं ते वाक्य: क्लिनिकल कोरिलेशन सजेस्टेड. म्हणजे पेशंटला तपासून ताळा घाला. तपासणारे डॉक्टर म्हणाले, "पुढचा एमआरआय काय म्हणतो ते बघू."

इथं लाल इंजेक्शनं आडवी आली. बी-१२ कमी पडलं की मज्जारज्जूची नेमकी हीच मागची बाजू बिघडते. आमचं घर माळकरी. शेगावची वारी चुकत नाही आणि अंडं घरात येत नाही. बी-१२ मिळतं फक्त प्राणिजन्य अन्नातून, आम्हाला काय ते दूध-दह्यातून. वर मी कित्येक वर्षं ॲसिडिटीची गोळी घेतेय, त्यानंही ते कमी शोषलं जातं. म्हणजे संशयाला भरपूर जागा. पण तपासलं तर आकडा २००० च्या वर, कारण आधीच टोचून झालेलं. होमोसिस्टीन, मिथाइलमॅलोनिक ॲसिड या तपासण्या खरी कमतरता पकडतात, पण उपचार सुरू झाल्यावर त्यांचे आकडेही लवकर सुधारतात. तेही नॉर्मल. शेवटी ह्यांनी कपाटातली सगळी कागदं उपसली. दोन वर्षांपूर्वी एका आरोग्य शिबिरात काढलेलं हिमोग्राम सापडलं. त्यात लाल पेशींचा आकार, एमसीव्ही, १०३. शंभरापर्यंत चालतो. डॉक्टरांनी तो पिवळा पडलेला कागद एमआरआयच्या फिल्मपेक्षा जास्त वेळ बघितला.

पण पुरावा म्हणून तो पुरेसा नव्हता. बी-१२ चा बिघाड सहसा दोन्ही बाजूंना सारखा आणि लांबलचक पसरलेला दिसतो. माझा ठिपका आखूड आणि एका बाजूला झुकलेला. तसे ठिपके एमएसमध्ये, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये दिसतात. शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंच्या आवरणावरच उलटते, तो आजार. मी मोबाइलवर काहीही शोधलं तरी शेवटी त्याच नावाशी पोचायचे. डोळ्यांची व्हीईपी झाली, पडद्यावर काळे-पांढरे चौकोन उलटसुलट होतात ती. नॉर्मल. एमएससारख्या दिसणाऱ्या एनएमओ आणि मॉग या आजारांच्या अँटिबॉडी, निगेटिव्ह. पाठीतलं पाणी काढलं. लोक त्याला फार घाबरतात. मला सुई फारशी लागली नाही, पण नंतर उठून बसलं की डोकं फुटायचं आणि आडवं झालं की थांबायचं. दोन-तीन दिवस पडून राहिले, पाणी आणि कॉफी पीत. एमएसच्या बहुतेक रुग्णांच्या पाण्यात प्रथिनांच्या ज्या पट्ट्या सापडतात त्या माझ्यात नव्हत्या. बहुतेक रुग्णांच्या, सगळ्यांच्या नाही.

"मग मला काय झालंय?"

डॉक्टरांनी समजावलं ते मी नंतर वहीत उतरवून ठेवलं. एमएस म्हणायचं तर बिघाड सहसा दोन अर्थांनी विखुरलेला दिसावा लागतो: वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या वेळी. माझी जागा एकच आणि वेळही एकच. बी-१२ असेल तर येत्या काही महिन्यांत हळूहळू सुधारेल आणि नवीन काही उगवणार नाही. दुसरं काही असेल तर ते पुन्हा कुठेतरी डोकं काढेल. "सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय. तोवर इंजेक्शन चालू. तोवर मी नाव देणार नाही, तुम्हीही देऊ नका."

बाहेर पडल्यावर हे म्हणाले, "एवढे पैसे घालून डॉक्टर म्हणतो थांबा." मलाही तसंच वाटलं होतं. गाडीत बडनेरा येईपर्यंत मात्र माझं मत बदललं. रक्तानं, पाण्यानं, चुंबकानं जे सांगता आलं नाही ते काळ सांगणार होता, आणि काळाचा रिपोर्ट काळ गेल्यावरच येतो. डॉक्टर हात वर करत नव्हते. थांबणं ही त्यांनी लिहून दिलेली शेवटची तपासणी होती, आणि ती मला घरीच, घरकाम आणि नोकरी सांभाळून करायची होती.

पहिल्या महिन्यात मी ती फार वाईट पद्धतीनं केली. वहीत प्रत्येक मुंगी लिहिली. सकाळी गालाला, दुपारी उजव्या टाचेला, रात्री पापणी फडफडली. रोज उठून आधी एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरातले लाल रविवार बघायचे, कारण डोळ्याची नस सुजली तर लाल रंग फिका दिसतो असं वाचलं होतं. पुढच्या भेटीत वही दिली. डॉक्टरांनी दोन पानं चाळून ती मिटली. "जे नवीन आहे आणि २४ तास सतत टिकतं, तेही ताप नसताना, तेवढंच लिहा. बाकीचं लिहायचं नाही." ताप आला किंवा अंग तापलं की जुनंच दुखणं उसळून येतं, ते नवीन धरत नाहीत. आणि सांगितलं, डोळा दुखून अंधुक दिसायला लागलं, पाय लुळा पडला किंवा लघवी अडली तर वही न शोधता थेट या.

२४ तासांच्या त्या नियमानं मला औषधापेक्षा जास्त आराम दिला. गालावर काही वळवळलं की घड्याळ बघायचं आणि भाजी चिरायला घ्यायची. बहुतेक वेळा भाजी शिजेपर्यंत ते गेलेलं असायचं. वही कोरीच राहायला लागली.

औषध होतं प्रिगॅबलिन, रात्री एक. ते आजार बरा करत नाही, नसांचा गलका कमी करतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. झोप लागायची. सकाळी डोकं जड, आणि वजन वाढलं. कॅशवर बसणाऱ्या बाईनं पेंगणं बरं नाही, म्हणून गोळी रात्री लवकर घेऊन बघितली, तेव्हा जमलं.

मग एप्रिल आला. अकोल्याचा उन्हाळा ४५ पर्यंत जातो आणि आम्हाला त्याचं कौतुकही असतं. त्या वर्षी मला एकदमच काही कळेना. दुपारी घरी आले की डावा हात पुन्हा जानेवारीसारखा. मी घाबरून डॉक्टरांना फोन केला. ऊन वाढल्यावर बिघडलेल्या नसेतून संदेश अडखळत जातो, अंग थंड झालं की पूर्वपदावर येतो, यानं नवीन नुकसान होत नाही. कूलरसमोर अर्धा तास बसून बघा, म्हणाले. बसले. उतरलं. तेव्हापासून कढत पाण्याची आंघोळ बंद, स्कूटीवर ओला दुपट्टा, आणि लाईन गेली की माठाच्या पाण्यात मनगटं. शाखेतला एसी फक्त मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये आहे. त्यांनी काहीही न बोलता कॅशची जुळवणी मला तिथं बसून करू दिली, हे इथं लिहायलाच हवं.

प्रगती मोजायला मी माझीच एक पद्धत काढली. ५०० च्या नवीन नोटेच्या दोन्ही कडांना पाच तिरप्या उठावदार रेषा असतात, अंधांना नोट ओळखता यावी म्हणून. १०० ला चार, २०० ला चार आणि त्यांच्यात दोन वर्तुळं. वापरून वापरून त्या झिजतात, म्हणून करकरीत नोटच हवी, आणि ती आमच्याकडे असतेच. दर सोमवारी काउंटर उघडायच्या आधी डोळे मिटून डाव्या तर्जनीनं कड चाचपायची. मार्चमध्ये कड सपाट लागायची. मे अखेरीस काहीतरी खरखरीत लागलं, मोजता येईना. जुलैत तीन मोजल्या, मग पाच. डॉक्टरांना ही चाचणी इतकी आवडली की त्यांनी खिशातून नोट काढून डोळे मिटून स्वतः करून बघितली.

लोकांचं काय सांगू. कुणी म्हणालं बाहेरचं आहे. कुणाच्या चुलत मेव्हणीला हेच झालं आणि ती आता खुर्चीवर आहे. ह्यांचा एक भाऊ कायद्याचं बोलला: २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएस आहे, सर्टिफिकेट काढून ठेवा. मी म्हटलं, भाऊजी, आधी आजार तर येऊ द्या. सुट्टीच्या अर्जावर आजाराचं नाव हा रकाना असतो. डॉक्टरांनी लिहिलं, अंडर इव्हॅल्युएशन. हेड ऑफिसच्या क्लार्कनं फोन करून विचारलं, "मॅडम, हा संसर्गजन्य आहे का?"

सासूबाईंनी इंजेक्शनबद्दल एकच प्रश्न विचारला. "कशापासून बनवते ते इचार पह्यले." विचारलं. जिवाणूंकडून आंबवून बनवतात, जनावरापासून नाही. माळेला चालतं, असा निर्णय झाला. आता महिन्याचं इंजेक्शन माझ्या आधी त्यांनाच आठवतं, आणि स्वतःचंही बी-१२ तपासून घ्यायला त्या तयार झाल्या. ते खूप कमी निघालं. या वेळी रक्त आधी काढलं, सुई नंतर.

पोळ्याच्या आसपास दुसरा एमआरआय झाला. ठिपका आहे, पण फिका आणि आखूड. नवीन काही नाही. करंट आता आठवण काढून मान वाकवली तरच लागतो, तोही पाठीपर्यंतच. फोर्कची थरथर घोट्याला लागते, अंगठ्याला अजून नाही. डॉक्टर बी-१२ कडे झुकले आहेत हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं, पण कागदावर त्यांनी जुनाच शब्द लिहिला. पुढचा एमआरआय वर्षानं, इंजेक्शन कायम, प्रिगॅबलिन हळूहळू कमी करून बंद, एकदम सोडायची नाही.

मधल्या काळात ह्यांनी आरोग्य विम्याचा फॉर्म भरायला घेतला. त्यात विचारलंय, सध्या कोणत्या आजाराची तपासणी चालू आहे का. आम्ही हो लिहिलं, दोन्ही एमआरआय जोडले, शिबिरातल्या त्या पिवळ्या कागदाची झेरॉक्ससुद्धा जोडली. कंपनीनं निदानाचं सर्टिफिकेट मागितलं आहे. एजंट परवा काउंटरवर आला होता, हप्ता भरायला. म्हणाला, "ताई, डॉक्टरकडून एखादं नाव लिहून आणा ना. कोणतंही चालेल, फाइल पुढं सरकते."